चौदा नंबरचा सोपा

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी माझ्या घरमालकीणबाई अकरा नंबरच्या घरात शिरल्या आणि तिथल्या पोर्चमध्ये खुर्ची ओढून बसल्या. त्यांचं स्वतःचं घर चौदा नंबरचं. त्या वेळी तिथे आम्ही चौघं होतो. त्यांचे यजमान, पुण्याहून सकाळीच आलेला त्यांचा मुलगा, अकरा नंबरच्या वहिनी आणि मी. मुलाच्या बॅगेत एक नवं कुलूप होतं. आई ज्या दिवशी घर चुकेल त्या दिवसापासून ते गेटला लावायचं, असं बापलेकांत आधीच ठरलं होतं.

वेळ मी घरमालकांच्या वहीतून घेतली आहे. ते नोकरीभर एसटीत होते. आधी कंडक्टर, मग बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक. निवृत्तीनंतर त्यांनी एकाच गाडीची नोंद ठेवली. बायको गेटबाहेर पडली की 'सुटली', परत आली की 'पोहोचली', आणि पुढे शेरा. वही शाळकरी, दोनशे पानी. रकाने पट्टीने आखलेले.

मी त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या पत्नीला काकू. त्यांच्या वरच्या खोलीत मी अडीच वर्षं भाड्याने राहिले. तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होते. कॉलनी शहराच्या कडेला, उसाच्या रानाला लागून. बावीस घरं, सगळी एकाच नकाशाची. तोच पिवळट रंग, तेच तपकिरी गेट, पुढे तेवढाच पोर्च. कॉलनी त्याला पोर्च म्हणायची. काका सोपा म्हणायचे.

काकांना मी बसलेलं फारसं पाहिलं नाही. सोप्यावर झोपाळा होता, त्यावर वर्तमानपत्रं असायची. चहा ते उभ्यानं प्यायचे, तोही कप हातात घेऊन गेटपर्यंत जाऊन येत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे आणि बोलता बोलता हात उलटा करून बघायचे. समोरच्याला वाटायचं, आता उठायला हवं. घरातल्या सूचना ते स्थानकावरच्या आवाजात द्यायचे. सकाळी सहाला जिन्याच्या तळाशी उभे राहून सांगायचे, "वरच्या मजल्यावरच्या प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. पाणी आलेलं हाय. ते साडेसहाला जाणार हाय. नंतर कुणाची तक्रार ऐकून घेतली जाणार न्हाय."

पहिल्या आठवड्यात मी दोनदा झोपेतून दचकून उठले. नंतर गजर लावायचा सोडून दिला.

काकूंना विसरण्याचा आजार होता. सकाळी त्या बऱ्या असायच्या. भाजी निवडायच्या, मला "जेवलीस काय गं" विचारायच्या, पाच मिनिटांनी पुन्हा विचारायच्या. चारच्या सुमाराला त्यांना कसली तरी घाई सुटायची. साड्यांचं गाठोडं बांधायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. मग दारात येऊन उभ्या राहायच्या.

"मी जातो आता," त्या म्हणायच्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशाच. "घरला जायचंय. सैपाक पडलाय."

हे घर म्हणजे शिवाजी पेठेतलं. तिथे ते दोघं तीस वर्षं भाड्याने राहिले होते. मालकाने जागा मागितली, तेव्हा मुलाने इथे घर घेऊन दिलं. पेठेत काकू चुकल्या असत्या तर चार दारांतून चार जणींनी हाक मारली असती. इथे दारं बंद असायची.

काका कधी म्हणाले नाहीत की हेच तुझं घर आहे. ते हात उलटा करून घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "चला. गाडी लागलीय."

मग दोघं निघायचे. कॉलनीच्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत, तिथून मागच्या ओळीने परत. अर्धा तास. काकू पुढे, काका दोन पावलं मागे, हात पाठीमागे बांधलेले. मी एकदा म्हटलं, हात धरून का नेत नाही?

"हात धरला की ती पॅसेंजर झाली," ते म्हणाले. "म्होरं चालली की ड्रायव्हर. ड्रायव्हरला रस्ता ठाऊक असायला लागतोय."

परत येताना ते बोलायचे नाहीत. घरांसमोरून काकू जायच्या, बघायच्या, पुढे सरकायच्या आणि चौदा नंबरसमोर थांबून म्हणायच्या, "हे आपलं." काका गेट उघडायचे, आत जाऊन वहीत वेळ लिहायचे. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक दिवशी एकच शब्द असायचा. स्वतः.

काकू घर ओळखायच्या ते सुपावरून. सूप त्यांचं, पेठेतल्या स्वयंपाकघरातलं. कडा उसवली म्हणून त्यांनीच कधीतरी तिला हिरव्या लुगड्याचा काठ शिवला होता. काकांनी ते सोप्याच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं होतं. वर्षातले दहा महिने तेवढं पुरायचं.

अडचण भाद्रपद संपताना सुरू व्हायची. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत बावीस पोर्च सजायचे. झेंडूची तोरणं, विजेच्या माळा, बाजारातले कागदी कंदील, दारात तीच छापील स्टिकरची रांगोळी. सगळं एकाच बाजारातून आलेलं, त्यामुळे सगळं एकसारखं. त्या गर्दीत सूप दिसेनासं व्हायचं. म्हणून काकाही सजवायचे, पण उलट्या पद्धतीने.

ते विकत काही आणायचे नाहीत. रानाच्या बांधावरून कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे उपटून आणायचे. भाताच्या लोंब्या, वाळलेल्या दोडक्याच्या जाळ्या, दाणे काढलेली मक्याची कणसं. एक तांबडा भोपळा पायरीवर, वेताची फुटकी बुट्टी पालथी घालून तिच्यावर दुसरा. हे सगळं सुपाभोवती असं मांडायचे की नजर सुपाकडे जावी. रोज पहाटे कॉलनीत एक फेरी मारायचे, प्रत्येक पोर्च बघायचे. कुणाकडे भोपळा दिसला की परत येऊन स्वतःचा उचलायचे.

"आता हे का काढलं?" मी विचारलं.

"सात नंबरनं लावलंय."

"मग?"

"मग आमचं काढलं."

कारण त्यांनी सांगितलं नाही. कॉलनीत त्यांचं नाव हेकट म्हणून पडलं होतं. मलाही ते शेजाऱ्यांशी चाललेली स्पर्धा वाटायची. फेरी आणि सजावट यांचा संबंध मला दोन वर्षं लागला नाही. लागला तो दसऱ्याच्या दिवशी.

त्या वर्षी नवरात्राच्या पुरवणीसाठी कमी खर्चातल्या सजावटीवर मजकूर हवा होता. मी काकांच्या सोप्यावर लिहिलं. तीनशे शब्द आणि एक फोटो. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी उभ्यानं ऐकलं.

"छापा," ते म्हणाले. "घरचा नंबर तेवढा घालू नका."

नंबर मी घातला नाही. मजकूर घटस्थापनेच्या दिवशी आला. 'बिनखर्चाची सजावट' असा मथळा होता. दुपारपर्यंत त्याचा फोटो कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. काका ग्रुपवर नव्हते. संध्याकाळी अकरा नंबरच्या वहिनी गेटवर आल्या. या वहिनी कॉलनीतलं सगळं अंगावर घेणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या आणि मनाने चांगल्या.

"ओ काका, कॉलनीचं नाव काढलासा की! आम्ही ठरवलंय, औंदा लायटिंग न्हाय, कायबी विकत न्हाय. सगळ्यांनी तुमच्यागत करायचं."

काका म्हणाले, "असं नका करू."

"का ओ?"

"तुमचं लायटिंग लई चांगलं दिसतंय."

"इनोद करायलेत बघा," वहिनी मला म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ घरांत सूप लागलं. तिसऱ्या दिवशी सोळा घरांत. काकांनी भोपळा काढला आणि कणसं वाढवली, तर संध्याकाळी कणसं सगळीकडे. त्यांनी कणसं काढून दोडक्याच्या जाळ्या माळेत ओवल्या. वहिनींनी त्याचा फोटो काढला आणि रात्रीतून कॉलनीत जाळ्या आल्या. काका पहाटेच्या दोन फेऱ्या मारायला लागले, मग तीन. जेवताना मधेच उठून गेटपर्यंत जायचे. पाचव्या दिवशी त्यांनी सोपा दिवसातून दोनदा बदलला. मी कचेरीला जाताना तुरे होते, आल्यावर केळीचे खुंट.

"काका, तुमच्याकडून शिकायलोय सगळी," पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडून सांगितलं. काकांनी हात वर केला.

त्या आठवड्यात वहीतले शेरे लांब होत गेले. ते मी नंतर वाचले. 'थांबली, मग ओळखलं.' 'सोळासमोर थांबली. पुढं आली.' 'दोनदा विचारलं.'

सगळ्यांत शेवटी त्यांनी तिकिटांची पत्र्याची पेटी बाहेर काढली. कंडक्टर असतानाची, गळ्यात अडकवायची, कडेने पोपडे गेलेली. ती सुपाच्या शेजारी टांगली. अशी पेटी कॉलनीत दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता नव्हती. पण तो दिवस खंडेनवमीचा निघाला. दुपारपर्यंत बावीस पोर्चमध्ये पूजेला हत्यारं मांडली गेली. शिवणयंत्र, ड्रिल मशीन, लॅपटॉप, स्कूटर, एका ठिकाणी डॉक्टरचा स्टेथोस्कोप. सगळ्यांवर हळदकुंकू आणि एकेक झेंडू. पेटीवरही वहिनींनी येता-जाता झेंडू ठेवला.

"तुमचं हत्यार पहिल्यांदाच बघतोय काका," त्या म्हणाल्या.

काकांनी झेंडू उचलून खिशात टाकला.

दसऱ्याला सकाळी मुलगा आला. तो काकांना अण्णा म्हणायचा. शांत माणूस, पण प्रवासाने आणि काळजीने वैतागलेला. आल्या आल्या त्याने कुलूप टीव्हीवर ठेवलं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मी फराळाचं ताट परत द्यायला खाली गेले होते.

"रोज एकटी पुढं सोडता तिला. हायवे किती लांब हाय? एक दिवस काय झालं म्हणजे?"

"मागं मी असतोय."

"तुम्ही एकाहत्तर वर्षांचे हायसा, अण्णा."

"ती घर चुकत न्हाय."

"आजपर्यंत."

"मग चल की. आज तूच बघ."

मुलगा म्हणाला, "आणि चुकली तर?"

काकांनी घड्याळ बघितलं. "तर लाव तुझं कुलूप," ते म्हणाले. कुलूप त्यांनीच मुलाच्या बॅगेत परत ठेवलं.

चारला काकू गाठोडं घेऊन दारात आल्या. चार वाजून पाच मिनिटांनी सुटल्या. त्या दिवशी मागे तिघं होतो. काका दोन पावलांवर, मुलगा त्यांच्या मागे, मी सगळ्यांत शेवटी. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हणालं नाही. टाकीपर्यंत नीट झालं. परतीच्या ओळीत काकू प्रत्येक घरासमोर थांबायला लागल्या. प्रत्येक ठिकाणी सूप होतं. भोपळा होता, लोंब्या होत्या. बावीस नंबरच्या पुढ्यात मान हलवली, अठरा नंबरच्या पुढ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. चौदा नंबरसमोर त्या थांबल्या. काकांनी गेट उघडायला पाठीमागचे हात सोडले. काकूंनी तिकिटाच्या पेटीकडे बघितलं आणि पुढे गेल्या.

अकरा नंबरचं गेट उघडं होतं.

आत टेबलावर ताटात आपट्याची पानं होती, संध्याकाळी वाटायला ठेवलेली. काकू खुर्चीवर बसल्या, ताट मांडीवर घेतलं. वहिनी आतून हात पुसत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"या की," काकू त्यांना म्हणाल्या. "पावणं, उभं का? सोनं घ्या."

वहिनींनी काकांकडे बघितलं, मग स्वतःच्याच घरात दोन्ही हात पुढे केले. काकूंनी पान ठेवलं. मग मुलाला दिलं, मला दिलं. काकांची पाळी आली तेव्हा त्या थोडं थांबल्या.

"तुम्ही कुठल्या गाडीनं आलासा?" त्यांनी विचारलं.

"वडगावच्या," काका म्हणाले.

"जेवून जावा."

मुलगा गेटबाहेर जाऊन उभा राहिला. "बास अण्णा," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं.

काकूंना तिथून उठवायला चाळीस मिनिटं लागली. त्या दिवशीच्या ओळीत 'पोहोचली' समोर वेळ आहे, शेरा नाही.

त्या संध्याकाळी काकांनी मला सूप, फेरी आणि पहाटेची पाहणी यांबद्दल सांगितलं. नोकरीतल्या माणसाने कार्यपद्धती सांगावी तसं. "बोर्ड वाचता न येणारी माणसं गाडी कशी ओळखतात ठाऊक हाय? कागलच्या ड्रायव्हरनं काचंला लाल चेंडू टांगलेला. म्हाताऱ्या चेंडू बघून चढायच्या. चेंडू पडला त्या दिवशी तिघी निपाणीला गेल्या."

मी म्हटलं, "माझ्या बातमीमुळं झालं."

"बातमी खोटी हुती काय?"

"नाही."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि गेटपर्यंत जाऊन आले.

मुलाशी त्यांचं बोलणं मी जिन्यावरून ऐकलं. मुलगा लगेच कुलूप लावायचं म्हणत होता. काका म्हणाले, "एक दिवस दे. गाडी एकदा चुकली म्हणून कुणी रूट बंद करत न्हाय." मुलाने एक दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते फेरीला गेले नाहीत. सहाच्या आत त्यांनी सोपा रिकामा केला. लोंब्या, तुरे, जाळ्या, बुट्टी, पेटी, सगळं मागच्या अंगणात. दाराचं तोरण काढलं. पायपुसणं उचललं, झोपाळा कड्यांवरून काढून आत नेला. रांगोळी पाण्याने धुतली. भिंतीवर खिळ्याला फक्त सूप राहिलं.

"हे काय?" मुलाने विचारलं.

"खुळ्यागत करत हुतो इतकी वर्सं," काका म्हणाले. "सगळ्या गाड्यांना हार घातल्यावर बिनहाराची गाडी लांबनं दिसतीया."

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी काकू सुटल्या. मागे तेच तिघं. परतीच्या ओळीत काकू थांबत थांबत आल्या. चौदा नंबरसमोर आल्यावर त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि स्वतः गेट उघडलं. भिंतीपाशी जाऊन सूप खाली काढलं. हिरव्या काठावरून बोट फिरवलं.

"हे माझं हाय," त्या म्हणाल्या. मग सोप्याकडे बघून, "कुणी झाडूनलोटून ठेवलंय. कोण आलतं?"

काका आत वही आणायला गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मुलगा पायरीवर बसला.

तो दोन दिवसांनी पुण्याला गेला. कुलूप टीव्हीवर ठेवून गेला.

दिवाळी आली. एकवीस पोर्चवर कंदील लागले. चौदा नंबरवर काहीच नाही. पणती नाही, तोरण नाही, रांगोळी नाही. ज्या घरात कुणी गेलेलं असतं त्या घराचीच दिवाळी अशी असते. पहिल्या अंघोळीच्या दिवशी सकाळी कॉलनीतून लोक दबक्या पावलांनी यायला लागले. काका दार उघडायचे, लोक मान हलवायचे, "कळलं," म्हणायचे आणि जायचे. काय कळलं ते काकांना कळेना. दहाच्या सुमाराला वहिनी आल्या. डोक्यावर पदर, आवाज नेहमीच्या निम्मा, हातात झाकलेली पितळी. दुःखाच्या घरी नेतात तसं पिठलं-भाकरी.

"आम्हाला सांगितलं पण न्हाईसा, काका. कोण गेलं? पावण्यांतलं कोण काय?"

काकांनी पितळीवरचं झाकण उचलून बघितलं. मग ते हसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

"गेलं कोण न्हाय, पोरी," ते म्हणाले. "आली हाय."

वहिनींना समजेना. काका पितळी हातात धरून उभे होते. शेवटी मी त्यांना सगळं सांगितलं. सूप, फेरी, अकरा नंबर. त्या ऐकता ऐकता पायरीवर बसल्या. "आणि आम्ही खुळ्यांनी..." एवढं म्हणाल्या. मग उठल्या. "आमचे कंदील काढू का?"

"अजिबात काढू नका!" काका स्थानकाच्या आवाजात म्हणाले. "आणखी लावा. किती लावायचं ते लावा."

काकू आतून आल्या, पितळी बघितली. "पिठलं कुणी केलंय?" त्यांनी विचारलं. "मीठ कमी असणार. तिचं नेहमी कमी असतंय." आणि वहिनींना, "बस की गं." पिठलं चौघांनी खाल्लं. मीठ कमी होतं.

मी फेब्रुवारीत खोली सोडली. कचेरीजवळ जागा मिळाली होती. किल्ली द्यायला संध्याकाळी खाली गेले. काका उभ्यानं चहा पीत होते. त्यांनी किल्ली घेतली, घड्याळ बघितलं. "प्रवाशांनी आपलं सामान तपासून घ्यावं," म्हणाले. काकूंनी जेवलीस काय विचारलं, दोनदा. कुलूप टीव्हीवर होतं, वेष्टन न फोडलेलं. वही टेबलावर उघडी होती. त्या दिवशीची ओळ पुरी झाली होती. सुटली चार वीस, पोहोचली चार त्रेपन्न. शेरा : स्वतः.